इंग्लंडच्या खेड्यात आठवडाभर मुक्काम: ईडेल, कॅसल्टन, होप

निरगुडी

जूनमध्ये इंग्लंडला जायचं ठरतंय. लंडन दोनच दिवस, बाकी सात रात्री एकाच खेड्यात राहायचंय. चार मोठी माणसं (आईबाबा सत्तरीच्या आसपास) आणि दहा वर्षांची मुलगी. सगळे शाकाहारी, अंडं चालतं. गाडी शक्यतो नको. पीक डिस्ट्रिक्टमधली (मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधला डोंगराळ भाग) ईडेल, कॅसल्टन आणि होप ही तीन नावं पुढे आली आहेत. कुठलं गाव निवडावं, घर घेताना काय बघावं, जेवणाचं कसं, आईबाबांना झेपतील अशा वाटा कोणत्या? त्या भागाची नीट माहिती असलेल्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

वाटसरू_शेफील्ड

गाडी नको म्हणताय तर निवड बरोबर आहे. कॉट्सवोल्ड्समधली सुंदर खेडी बसच्या तुटपुंज्या फेऱ्यांवर अवलंबून असतात. इथे मँचेस्टर ते शेफील्ड ही होप व्हॅलीची रेल्वे थेट दरीतून जाते. ईडेल, होप, बॅमफर्ड, हॅदरसेज, ग्रिंडलफर्ड अशी ओळीने स्टेशनं आहेत. थांबत जाणारी गाडी साधारण तासाला एक. मँचेस्टर पिकॅडलीहून ईडेलला पाऊण तास लागतो, शेफील्डहून अर्ध्या तासाच्या आसपास.

ईडेल आणि कॅसल्टनमध्ये एक डोंगररांग आडवी आहे. ईडेल लहान आणि शांत. तिथे स्टेशन आहे, दोन पब आहेत, कॅफे आहे, पण किराणा जवळजवळ नाहीच. कॅसल्टनमध्ये गुहा, किल्ला, चहाची दुकानं, पब असं सगळं पायी पाच मिनिटांत. स्टेशन मात्र नाही. होप स्टेशनपासून कॅसल्टन साडेतीन किलोमीटरच्या आसपास, आणि होप गावसुद्धा स्टेशनपासून किलोमीटरभर लांब. शेफील्डहून हॅदरसेज, होप करत कॅसल्टनला जाणारी २७२ नंबरची बस आहे, ती सोयीची पडते.

आईबाबा सोबत आहेत म्हणून माझं मत कॅसल्टनला. संध्याकाळी ज्यांना दमल्यासारखं वाटेल त्यांना घरी थांबता येतं आणि बाकीचे जेवायला चालत जाऊ शकतात. ईडेलला पावसाच्या दिवशी घराबाहेर करण्यासारखं फार काही नसतं.

लंडनहून तिकीट तुकड्यांत काढू नका. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून शेफील्डमार्गे होपपर्यंत एकच तिकीट काढा. पहिल्या गाडीला उशीर होऊन पुढची चुकली तर त्याच तिकिटावर नंतरच्या गाडीने जाता येतं. तुकड्यातुकड्यांत काढलेल्या तिकिटांमध्ये ही हमी गृहीत धरू नका. स्वस्त आगाऊ तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात आणि ती त्या ठरलेल्या गाडीलाच चालतात.

मुलगी सोबत आहे, तेव्हा फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्याच. ३५ पौंडांच्या एका कार्डावर चार मोठे आणि चार मुलांपर्यंत सगळे येतात. मोठ्यांना एक तृतीयांश सूट, ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के. अट एकच, ज्याच्या नावाचं कार्ड तो आणि निदान एक मूल प्रवासात हवं. लंडनच्या एका फेरीतच कार्डाचे पैसे वसूल होतात. बसला सध्या एका फेरीला जास्तीत जास्त ३ पौंड पडतात, ही मर्यादा मार्च २०२७ पर्यंत आहे. टॅक्सी रस्त्यावर मिळत नाही. स्टेशनवर उतरून अ‍ॅप उघडायचं, हा हिशेब इथे चालत नाही. गावातल्या टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवायची.

गाडीवान

गाडीबद्दल दुसरी बाजूही ऐका. भारतातल्या लायसन्सवर बारा महिने चालवता येतं, रस्त्याची बाजूही आपलीच, डावी. आईबाबांना घेऊन एका दिवशी दोन गावं बघायची असतील तर दोन दिवसांपुरती शेफील्डहून भाड्याने घ्यायला हरकत नाही. ऑटोमॅटिक महाग असते आणि आधी सांगूनच ठेवावी लागते.

अडचण येते ती एकेरी गल्ल्यांमध्ये. दोन्हीकडे दगडी गडगा, मधे एकाच गाडीपुरता रस्ता, आणि ठरावीक अंतरावर बाजूला घ्यायची जागा. ती जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर तिच्यात शिरायचं. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याला तिच्यातून वळसा घेऊ द्यायचा. उजवीकडे घुसलात की दोघंही अडकता. पांढऱ्या गोलावर काळी तिरपी रेघ म्हणजे अशा रस्त्यावर ताशी ६० मैलांची कमाल मर्यादा, तितक्या वेगाने जा असं कुणी म्हणत नाही. पंपावर हिरवी नळी पेट्रोलची, काळी डिझेलची.

शनिवार-रविवारी कॅसल्टनजवळच्या मॅम टॉर या डोंगराच्या वाहनतळावर सकाळी नऊनंतर जागा मिळेल असं धरून चालू नका. कडेच्या गवतावर गाडी लावली तर दंड होतो, आणि रुग्णवाहिकेची वाटही अडते.

सुगरणपक्षी

घराबद्दल लिहिते, कारण लोक फोटो बघून घर घेतात आणि खऱ्या गोष्टी तळटिपेत असतात.

आधी तारखा. जूनमध्ये बहुतेक कॉटेज शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशाच मिळतात. आत शिरायची वेळ दुपारी चार, सोडायची सकाळी दहा. म्हणून लंडनचे दोन दिवस त्या वाराला धरून बसवा. चावी बहुधा दाराजवळच्या कोड असलेल्या छोट्या पेटीत असते. कोड कागदावर लिहून घ्या, गावात फोनला रेंज मिळेलच असं नाही.

पैशाचा पेच व्हिसाशी जोडलेला आहे. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. बोटांचे ठसे दिल्यावर निकालाला साधारण तीन आठवडे. पण जूनमधली चांगली घरं जानेवारीतच जातात, आणि उरलेली रक्कम सहा ते आठ आठवडे आधी मागतात. तेव्हा रद्द केल्यास पैसे कधीपर्यंत परत मिळतात ही ओळ वाचल्याशिवाय इसार देऊ नका. अर्ज मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात टाका.

आता स्वयंपाकघर. शेगडी इंडक्शन आहे का ते विचारा. असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आणि गोल बुडाची कढई निरुपयोगी. इंडक्शनची खूण असलेला तीन लिटरचा स्टीलचा कुकर न्या. बुडाला लोहचुंबक घट्ट चिकटला की भांडं चालणार. शेगडी सुरूच होत नसेल तर दोन गोष्टी बघा. भिंतीवर मोठं लाल बटण असतं, ते चालू हवं. आणि पट्टीवर कुलपाची खूण दिसत असेल तर ती चार-पाच सेकंद दाबून धरायची. ओव्हनचं घड्याळ लुकलुकत असेल तर वेळ लावल्याशिवाय कित्येक ओव्हन तापतच नाहीत.

फोडणी! सैपाकघरात बहुतेक वेळा उष्णतेचा अलार्म असतो, तो फोडणीने वाजत नाही. वाजतो तो बाहेरच्या बोळातला धुराचा. म्हणून मोहरी घालण्याआधी सैपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा, पंखा चालू करा. क्रम महत्त्वाचा, कारण तिथले बरेच पंखे हवा बाहेर न फेकता गाळून परत आतच सोडतात, त्यामुळे खिडकीशिवाय त्यांचा उपयोग थोडाच. तेल धुरावेपर्यंत तापवू नका. सुकी मिरची गॅस बंद केल्यावर, म्हणजे शेगडीवरून भांडं उतरवल्यावर घाला. अलार्मवर पिशवी बांधणं किंवा बॅटरी काढणं अजिबात नको, रात्री झोपलेली माणसं त्याच्याच भरवशावर असतात.

उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. सुट्या घरांचं सांडपाणी अनेकदा स्वतःच्या सेप्टिक टाकीत जातं, तेल आणि ओले टिश्यू (वेट वाइप्स) दोन्हींनी ती तुंबते. तेल डब्यात थिजवून कचऱ्यात टाका.

न्हाणीघरात जमिनीला मोरी नसते. टबाबाहेर सांडलेलं पाणी खालच्या खोलीच्या छतातून झिरपतं, आणि नुकसानभरपाई मागितली जाते. शॉवरचा पडदा टबाच्या आत सोडायचा. आईबाबांसाठी एक प्लास्टिकचा मग न्या, जेट स्प्रे नसतो. शॉवर विजेचा असेल तर छतातून लोंबणारी दोरी ओढल्याशिवाय गरम पाणी येत नाही. टबात चढताना धरायला दांडा आहे का, आणि तळमजल्यावर झोपायची खोली व संडास आहे का, हे दोन प्रश्न घरमालकाला लेखी विचारा. जुन्या दगडी घरांचे जिने अरुंद आणि उभे असतात, तुळया डोक्याला लागतात.

प्लग चौकोनी पिनांचा, २३० व्होल्ट. आपले गोल पिनांचे बसत नाहीत, दोन अडॅप्टर आणि एक आपलीच एक्स्टेंशन वायर पुरते.

निरगुडी

सुगरणपक्षी, इतकं कुणी सांगितलं नव्हतं. सामानात काय न्यावं? तूप, मेतकूट, लाडू?

सुगरणपक्षी

भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर घरीच ठेवा. तुपातले लाडूसुद्धा नेऊ नका. ताज्या मिरच्यांसारख्या बऱ्याच भाज्या-फळांनाही भारतातून घेतलेलं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते घरगुती सामानात कुणाकडे नसतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, वाळवलेली कोकमं आणि पोहे बंद पाकिटात, छापील लेबलासह न्या. तूप तिथल्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतं. मँचेस्टरमार्गे जाणार असाल तर विल्म्सलो रोडवर डाळी, कणीक, ताजा कढीपत्ता सगळं मिळेल. नाहीतर सुपरमार्केटची घरपोच ऑर्डर तीन आठवडे आधी टाका, वेळ संध्याकाळी सहानंतरची घ्या. चारला घर मिळतं, गाडी उशिरा आली तर माल परत जातो.

ओटकेक

पबच्या जेवणाबद्दल. सर्वात मोठी गोची वेळेची. दारू रात्री अकरापर्यंत मिळते पण स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन-अडीचला बंद होतं, परत सहाला उघडतं आणि साडेआठला शेवटची ऑर्डर. जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो, उजेड बघून जेवणाची वेळ ठरवलीत तर उपाशी झोपाल. रविवारचं जेवण चार दिवस आधी राखून ठेवा.

बसल्यावर कुणी विचारायला येईल म्हणून वाट बघू नका. टेबलाचा नंबर बघायचा, काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे बहुधा तिथेच द्यायचे. काउंटरवर टिप द्यायची पद्धत नाही.

शाकाहाराच्या खुणा मेनूवर असतात पण चार ठिकाणी फसगत होते. बटाट्याचे चिप्स उत्तर इंग्लंडमध्ये अनेक दुकानांत गायीच्या चरबीत तळतात, 'बीफ ड्रिपिंग' हा शब्द वापरूनच विचारा. दुसरं, 'पाय' (pie) म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ, त्याचं आवरण चरबीचं असू शकतं. तिसरं, भाज्यांसोबतची ग्रेव्ही मांसाची. चौथं पार्मेझान चीज: ते वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध घट्ट करणारा घटक) बनतं, त्यामुळे मशरूम रिसोटो दिसायला शाकाहारी असूनही नसतो. मुलीच्या जेली गोळ्यांमध्ये जिलेटिन असतं हेही लक्षात ठेवा.

डर्बीशायर ओटकेक मात्र सोडू नका. ओटचं पीठ, थोडी कणीक, यीस्ट घालून आंबवलेलं सरसरीत पीठ तव्यावर ओततात. जाळीदार, मऊ, थेट आंबोळीच. चीज-मशरूम घालून नाश्त्याला देतात. बेकरीतून सहाचं पाकीट आणून घरी तव्यावर गरम करता येतात, लोणच्याबरोबर छान लागतात. बेकवेल पुडिंगमध्ये अंडं आणि बदाम असतात. बेकवेल गावचा बाजार सोमवारी भरतो.

काळाकातळ

वाटांबद्दल. आधी जमीन समजून घ्या, बुटांचा निर्णय तिच्यावर आहे. कॅसल्टनच्या दक्षिणेला चुनखडीचा प्रदेश, उत्तरेला ग्रिटस्टोन नावाचा भरड वालुकाश्म आणि त्यावर पीटचं (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचं) काळं दलदलीचं पठार. ग्रिटस्टोन ओला असला तरी पायाला धरतो. चुनखडी हजारो पावलांनी घासून गुळगुळीत झालेली असते, पावसात तिच्यावर पाय टिकत नाही. पडायची भीती असते ती विनॅट्स पास या खिंडीकडच्या आणि दऱ्यांमधल्या पायऱ्यांवर, डोंगरमाथ्यावर कमी.

नकाशा ओएस (ऑर्डनन्स सर्व्हे, ब्रिटनची नकाशे काढणारी संस्था) एक्स्प्लोरर ओएल १, डार्क पीक, १:२५०००. ईडेल, कॅसल्टन आणि होप त्यात येतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही परवानगी. फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, जसं मिळालं तसं सोडायचं. वासरं असलेल्या गायींच्या मधून जाऊ नका, कुरणाच्या कडेने मोठा वळसा घ्या.

आईबाबांसाठी तीन वाटा. पहिली कॅसल्टन ते होप, पीक्सहोल वॉटर ओढ्याच्या काठाने, अडीच किलोमीटर, जवळजवळ सपाट. वाटेत सिमेंट कारखान्याच्या रेल्वेचा रूळ ओलांडावा लागतो, तिथे थांबून ऐकायचं. होपला चहा प्यायचा आणि बसने परत. दुसरी बेकवेलजवळची मॉन्सल ट्रेल. १९६८ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरची १३.७ किलोमीटरची सपाट वाट, २०११ पासून बोगदेही खुले आहेत आणि दिवसा आत दिवे असतात. सगळी चालायची गरज नाही, हेडस्टोन व्हायाडक्ट या जुन्या रेल्वेपुलाच्या दोन्ही बाजूंना किलोमीटरभर पुष्कळ. तिसरी मॅम टॉर. उंची ५१७ मीटर, पण वाहनतळापासून चढ शंभर मीटरच्या आसपास आणि पूर्ण वाट फरसबंद. टॅक्सीने वर सोडायला सांगा, हवा असली तर दोघंही माथ्यावर सहज पोचतील. माथ्यावर वारा खालच्यापेक्षा खूप जोरात असतो, कानटोपी जूनमध्येही न्या.

बाकीचे तिथून पुढे ग्रेट रिज या डोंगररांगेवरून हॉलिन्स क्रॉसपर्यंत जाऊन कॅसल्टनला उतरू शकतात. उतरताना जुना ए६२५ रस्ता बघा. मॅम टॉरची पूर्व बाजू शेल (चिखलापासून बनलेला ठिसूळ खडक) आणि वालुकाश्माच्या आलटून-पालटून थरांची आहे, पाणी मुरलं की शेल मऊ होतं आणि वरचा भार सरकतो. रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करून शेवटी १९७९ मध्ये कायमचा बंद केला. डांबराचे एकावर एक थर उसवून पुरुषभर उंचीचे कडे तयार झाले आहेत, मधल्या रेघाही दिसतात. मुलीला भूगोल दाखवायला याहून चांगली जागा त्या दरीत नाही.

ईडेलच्या वरचं किंडर स्काउट हे पठार (६३६ मीटर) पूर्ण दिवसाचं आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार तरुण मालकांची बंदी मोडून त्यावर चढले आणि काहींना तुरुंगवास झाला. आज त्या पठारावर मोकळेपणी फिरता येतं त्यामागे ही चळवळ आहे. ईडेल स्टेशनहून अप्पर बूथ आणि जेकब्स लॅडरने चढा. पठारावर धुकं उतरलं तर पीटमधल्या घळी सगळ्या सारख्याच दिसतात, होकायंत्र वाचता येत नसेल तर परत फिरा. मदत लागली तर ९९९ वर पोलिसांना आणि मग माउंटन रेस्क्यूला मागायचं. शिट्टी मिनिटात सहा वेळा.

पावसाच्या दिवसासाठी गुहा. ब्लू जॉन कॅव्हर्नमध्ये दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून तितक्याच चढायच्या, तिथे आईबाबा नकोत. पीक कॅव्हर्नचं तोंड प्रचंड आहे आणि चालणं त्यामानाने सोपं. आत वर्षभर दहा अंशांच्या आसपास थंडी.

वाटसरू_शेफील्ड

काळाकातळ यांच्याशी सहमत. एवढंच जोडतो: जीन्स घालून डोंगरावर जाऊ नये, भिजली की वाऱ्यात सुकत नाही आणि अंग गार पडतं. उंच गवतातून आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला गोचीड तपासा, चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढायची. जूनमध्ये गवताचे परागकण भरपूर, शिंका येत असतील तर सेटिरिझिन औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. आईबाबांचा विमा अनिवार्य समजा. इमर्जन्सी विभागातले उपचार पर्यटकांना मोफत आहेत, पण दाखल करून घेतलं की दीडपट दराने बिल येतं.

निरगुडी

तारीख मे अखेरीस नेली तर? आणि फुलांनी विहिरी सजवतात ते कधी असतं?

ओटकेक

वेल ड्रेसिंग मे ते सप्टेंबर, प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. टिसिंग्टन गावी असेन्शन डे या ख्रिस्ती सणाला सुरुवात होते, पण ते गाडीशिवाय अवघड. जूनमध्ये होप व्हॅलीच्या आसपास एखादं तरी सापडतं, गावाच्या नोटीस बोर्डावर बघा. शक्य तर सजावट मांडण्याच्या आदल्या दोन दिवसांत जा, काम गावच्या हॉलमध्ये किंवा कोठारात चालतं आणि अनेक ठिकाणी बघू देतात. लाकडी चौकटी आधी पाण्यात भिजवतात, मग मीठ घालून मळलेली माती थापतात, मिठाने ती ओलसर राहते. चित्राचा कागद वर ठेवून टोचे मारतात, रेघांवर आल्डर झाडाची छोटी काळी बोंडं किंवा कॉफीच्या बिया बसवतात. पाकळ्या खालून वर लावत जातात, वरची पाकळी खालचीवर चढलेली, म्हणजे पाऊस आत न शिरता ओघळून जातो. आठवड्याने माती तडकते आणि रंग उडतात, म्हणून पहिल्या तीन दिवसांत बघावं.

मे अखेर न्यायची एकच चांगली सबब आहे, २९ मेचा कॅसल्टन गारलँड. घोड्यावरच्या 'राजा'च्या डोक्यापासून कमरेपर्यंत फुलांनी मढवलेला, घंटेच्या आकाराचा सांगाडा असतो. पबांपुढे थांबत, बँडच्या तालावर मुली नाचत मिरवणूक जाते, आणि शेवटी तो सांगाडा दोरीने सेंट एडमंड चर्चच्या मनोऱ्यावर चढवतात. २९ ला रविवार आला तर शनिवारी असतो.

पण तो आठवडा बहुधा शाळांच्या हाफ टर्मचा, म्हणजे मधल्या सुट्टीचा. घरभाडं चढतं, मॅम टॉरवर जत्रा, पबमध्ये जागा नाही. आईबाबा आणि बसचा प्रवास बघता जूनचा दुसरा आठवडा घ्या, आणि घर शनिवारचं असेल तर निघायच्या दिवशी सकाळच्या बसची वेळ आठवडाभर आधी बघून ठेवा, वीकएंडचं वेळापत्रक वेगळं असतं.